एकाला बाहेर ठेवण्याचं कारण

इंटरच्या वर्गात बीजगणिताचं एक जाडजूड पुस्तक होतं, आणि ते फक्त आमच्या प्रोफेसरांकडे होतं. उन्हाळ्याच्या सुटीआधी ते म्हणाले, "एक ही मूळ संख्या मानायची की नाही? उद्या कारण सांगा. ज्याचं पटेल, त्याला सुटीभर हे पुस्तक."

मला ते पुस्तक हवंच होतं. विकत घेण्याची ऐपत नव्हती आणि त्याशिवाय बी.ए.ला गणित घेण्याचं धाडस नव्हतं. आमच्या घरात तोवर मॅट्रिकदेखील कोणी झालं नव्हतं.

वडील शहराच्या लष्कर भागात, दाणाओळीतल्या एका धान्याच्या दुकानात मापारी होते. धान्य मोजताना पहिल्या मापाला ते कधी 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. मग दोन, तीन. मला वाटलं, कारण सापडलं. दुसऱ्या दिवशी उभा राहून मी सांगितलं, "एक ही मूळ संख्या नाही, कारण ती मोजणीतली संख्याच नाही. मोजणी दोनापासून होते."

"मग तुमच्याकडे लाभाचं पोतं फुकट जातं का, मापारी?" मागून कोणीतरी विचारलं. वर्ग हसला.

नंतर सरदारांच्या घरातला एक मुलगा उठला. त्याला शिकवायला घरी मास्तर येत. तो म्हणाला, "सर, याचं उत्तर बरोबर आहे, कारण चुकलंय. बाराचे मूळ अवयव दोन, दोन, तीन. दुसरी तऱ्हा नाही. एकाला मूळ मानलं, तर तो एकदा लिहा की दहादा, बारा ते बाराच. मग मांडणी एकच कशी राहील? म्हणून त्याला बाहेर ठेवायचं."

इतकं सोपं होतं. ते मला सुचलं नाही याचं दुःख होतंच. पण त्याने माझी बाजू घेतली, ते जास्त झोंबलं. त्याने माझी थट्टा केली असती, तर मला निवांत राग तरी धरता आला असता.

पुस्तक त्याला मिळालं. आठ दिवसांनी तो टांग्याने आमच्या दारात आला.

"घे भाई, माझं वाचून झालं. सुटी संपली की सरांना दे."

"आठ दिवसांत?"

"त्यातलं बरंचसं घरी मास्तरांनी आधीच करून घेतलं होतं."

आईने त्याला पन्हं दिलं. तो गेल्यावर म्हणाली, "किती गुणी मुलगा." मी त्या दिवशी तिच्याशी नीट बोललो नाही.

ते पुस्तक मी सुटीभर बसून वहीत उतरवून काढलं. त्याच वहीवर पुढे बी.ए. झालो. पदवीचे पेढे घेऊन वडिलांच्या दुकानात गेलो, प्रोफेसरांच्या पाया पडलो. त्याचं घर वाटेतच होतं. दिवाणखान्याच्या खिडक्या उघड्या होत्या, आत कोणी हसत होतं. मी सायकलवरून उतरलो नाही.