ओवीत नाव कुणाचं घालायचं?

नामांतराच्या वर्षांतली ही गोष्ट. माझी पहिली कॅसेट गाजली होती. तिच्यातलं ‘पूर्णेचं पाणी’ दुसऱ्या कॅसेटवर पुन्हा घ्यायचं होतं आणि कव्हरवर ‘गीत’ या शब्दापुढे कुणाचं नाव छापायचं, यावरून माझी झोप उडाली होती. चाल बोरीच्या सरूमावशीच्या जात्यावरच्या ओव्यांची. शब्द मात्र माझे, याबद्दल खात्री होती. तरी मावशीला विचारून यावं म्हणून पुण्याहून निघालो.

परभणीच्या स्टँडवर गाडी लागेल की बंदमध्ये अडकेल, याचा तेव्हा नेम नसे. जिंतूरची एसटी मिळाली, बोरीला उतरलो. तुम्ही जाणार असाल तर सकाळची गाडी धरा, दुपारी धूळच फार खावी लागते. मावशीकडे मात्र गरम भाकरी आणि ठेचा होता.

जेवण झाल्यावर तिला टेप ऐकवली. “लय चांगलं हाय. कोनाचं हाय?” तिनं विचारलं. माझा चेहरा पडला.

“अगं, तुझीच चाल!”

“असंल बाबा. जात्याचा खुंटा हातात आल्याबिगर मला कुठं काय आठवतंय?”

पीठ गिरणीवरून येऊ लागल्यापासून जातं गोठ्यात पडून होतं. मावशीची सून, म्हणजे माझी वहिनी, आणि मी ते ओढून आणलं, मूठभर ज्वारी घातली. जातं फिरलं आणि मावशीचा आवाज मोकळा झाला:

पूर्णेचं पाणी बाई, वळणावळणानं,
दिनकर माझा भाचा, आला गाण्याच्या कारणानं.

मी उडालोच. पहिली ओळ तर मी पूर्णा नदीवरच्या येलदरीच्या धरणावर बसून लिहिली होती!

“मावशी, ही रेडिओवर ऐकलीस ना?”

“कशाचा रेडिओ? तू मांडीवर झोपायचास, तवाची हाय.”

“न्हाई भाऊजी,” वहिनी हसल्या. “रेडिओवर ऐकून मीच म्हनायलेय रोज चुलीपुढं. माझी ऐकून आत्याबाईंनी उचलली.”

दोघी आपापल्या जागी ठाम. मी वैतागलो. “मावशी, तुझी ओवी, मग तिच्यात नाव माझं कसं?”

“गानारनीचं नाव घालत न्हाईत रे. ज्याच्यासाठी गायची, त्याचं घालायचं.”

दुसऱ्या दिवशी जिंतूरला गाडी बदलून येलदरी गाठली. त्याच जागी बसलो. वही आठवली, ऊन आठवलं. ओळ पाण्याकडे बघून सुचली की मांडीवरची आठवली, ते काही केल्या उमगेना. जाळं वाळवणारा एकजण म्हणाला, “काय हरवलंय का साहेब?”

“एक ओळ.”

“आमच्या जाळ्यात तर न्हाई आली बघा.” त्यानं तळलेले मासे मात्र प्रेमानं खाऊ घातले.

पुण्याला परतल्यावर कव्हरचा कागद पुढे घेतला आणि ‘गीत’पुढे लिहिलं: सरूबाई, बोरी. मोठ्या मनानं श्रेय दिलं, असं लोक म्हणाले. मला त्याची लाजच वाटली. गाणं तिनं रचलं म्हणून तिचं नाव घातलं, की मी ते तिच्यासाठी गायलो म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही.