रविवारच्या निखारे मॅडम

डॉ. निखारे फोनवर आजार सगळ्यात शेवटी सांगायच्या. नागपुरात सदर भागातल्या एका इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत मी तेव्हा डॉक्टर होतो. कोराडी रोडवरच्या आपल्या दवाखान्यातून त्या पेशंट पाठवायच्या आणि तो पोहोचायच्या आत फोन करायच्या. बोलका की घुमा, दुखणं सांगणारा की लपवणारा, घरून सोबत कोण येतंय, हे आधी. मी घाई केली की म्हणायच्या, "बीपी तुमची मशीन सांगन. मानूस मी सांगून राहिली."

हातमागावर विणणाऱ्या कुटुंबात वाढलेल्या बाई. डॉक्टरकी नागपुरातच शिकल्या आणि बोलणं मात्र घरचंच राहिलं.

रविवारी गावातले बहुतेक दवाखाने बंद. त्यामुळे सर्दी-तापाचे, पट्टी बदलायचे सगळे आमच्याकडे यायचे आणि अपघातातला माणूस त्या गर्दीत ताटकळायचा. मॅडमनी आमच्या प्रमुखांना सुचवलं, की रविवारी फॅमिली डॉक्टरांनी आळीपाळीने कॅज्युअल्टीत बसावं आणि किरकोळ आजार पाहावेत. प्रमुखांनी होकार दिला. आमच्यातल्या काहींना बाहेरचा डॉक्टर नको होता. टेबल रिकामं नाही, असं मॅडमना सांगण्यात आलं. त्यांनी दाराजवळ प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि तिथेच पेशंट पाहू लागल्या. पुढे बाकीचे डॉक्टर गळाले. मॅडम येत राहिल्या.

एका रविवारी दुपारी त्यांच्याच एका जुन्या पेशंटला मुलाने आणलं. म्हातारे गृहस्थ, फुप्फुसाचा कॅन्सर शेवटाला आलेला, श्वास घेता येत नव्हता. मी नळी घालून व्हेंटिलेटरवर घ्यायच्या तयारीत होतो. मॅडमनी उठून येऊन मला थांबवलं. म्हाताऱ्यांनी शुद्धीत असताना, मुलासमोर, नळी नको आणि घरीच राहू द्या, असं त्यांना सांगितलं होतं. मुलाने ते नाकारलं नाही. तो घाबरला होता.

"घरी नेलं तं लोकं म्हणतीन, पोरानं बापाले वाऱ्यावर सोडलं," तो म्हणाला.

मॅडमनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "लोकं उद्या येतीन गा. बाबा आज हायेत."

घरी त्रास झाला तर काय करायचं, असं त्याने विचारलं. त्याचं उत्तर मॅडमनी मला द्यायला लावलं. श्वासाची तगमग कमी करणारं इंजेक्शन मी दिलं, पुढचं औषध आणि ऑक्सिजनची सोय करून दिली. मॅडम त्यांच्यासोबत अँब्युलन्समध्ये बसल्या. मॅडमचे खोकल्याचे पेशंट संध्याकाळपर्यंत मी पाहिले. दुसऱ्या दिवशी फोन आला. म्हातारे पहाटे गेले होते, मुलाच्या मांडीवर. तुमचं औषध चांगलं लागू पडलं, एवढं सांगून मॅडमनी फोन ठेवला.

काही वर्षांनी मॅडम वारल्या, त्या आमच्याच कॅज्युअल्टीत. दवाखान्यातच छातीत दुखू लागलं आणि शेजारच्या बाईंनी ऑटोत घालून आणलं. आम्ही बराच वेळ प्रयत्न केले. हाताशी एक नवे डॉक्टर होते, त्यांनी मॅडमना कधी पाहिलं नव्हतं. मधुमेह आहे का, गोळ्या कोणत्या चालू आहेत, असं ते विचारत होते. बाईंना माहीत नव्हतं. इतक्या रविवारांनंतर मलाही माहीत नव्हतं. शेवटी त्या डॉक्टरांनी विचारलं, यांचे फॅमिली डॉक्टर कोण?

"ह्याच तं हायेत," बाई म्हणाल्या.