जुना वेल

कामणच्या एका गोदामात मी कम्प्युटर सांभाळायचो, तेव्हाची गोष्ट. सगळ्या कम्प्युटरांची माहिती कपाटाएवढ्या एका मशीनमध्ये साठायची. तिथल्या जुन्या डिस्क भरल्या, म्हणून सगळं नव्या डिस्कवर हलवायला बाहेरून एक माणूस आला. उमेळे गावचा, पानवेलींच्या वाडीत वाढलेला. वाडीत शिरताना काढतात तशा चपला दाराबाहेर काढून आत यायचा. कॉपी चालू असेपर्यंत खुर्ची दिली तरी बसला नाही. मशीनवर तळहात टेकून उभा राहिला.

काम संपल्यावर मी विचारलं, "आता जुनं पुसून टाकू?"

"आठ दिवस राहू द्या. नवा वेल रुजल्याशिवाय आमचे बाबा जुना उपटत नाहीत."

मला जुन्या डिस्कवरची जागा लगेच हवी होती. दुसऱ्याच दिवशी मी जुनं पुसलं. चौथ्या दिवशी कळलं, कामगारांच्या हजेरीचं फोल्डर नव्या डिस्कवर अर्धंच उतरलंय.

साहेबांनी त्याला बोलावून सगळ्यांसमोर झापलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डवरची धूळ झटकत राहिलो.

"माझ्याकडूनच राहिलं, साहेब," तो म्हणाला. "चूक होते, म्हणून तर जुनं ठेवायचं असतं."

तो चपला घालून गेला. त्याला परत कोणी बोलावलं नाही.

आता मी कुठेही असलो तरी जुनं आठ दिवस ठेवतो. हे कोणी शिकवलं, असं लोक विचारतात. त्याच्या कामाच्या कागदावर मी सही केली होती, पण वरचं नाव वाचलं नव्हतं.