उजेडाकडे तोंड

समोरून गाडीचा उजेड आला की अक्का उजवा हात वर करायच्या. शाळेत हजेरीला मुलं करतात तसा, सरळ. गाडीतल्या माणसाला ऐकू जाणार नाही हे माहीत असूनही विचारायच्या, "दिसलो का रे बाबा?" गाडीनं उजेड खाली केला किंवा वेग कमी केला की हात खाली घ्यायच्या आणि मागं न बघता आम्हाला सांगायच्या, "दिसलो." मग पुढं चालायला लागायच्या.

हिवाळ्यात संध्याकाळी सातच्या पुढं तुम्ही केजच्या रस्त्यानं गेला असाल, तर आमची रांग तुम्हीही पाहिली असेल. साडीवर पुरुषांचे पांढरे शर्ट घातलेल्या बाया, एकीमागं एक, आणि सगळ्यात पुढं कपाळाला भस्म लावलेली एक ठेंगणी, जाड बाई. त्या अक्का.

अक्कांचं आमच्या गावात किराणा दुकान होतं. मालक वारल्यापासून त्याच गादीवर बसायच्या. पहाटे चहा-साखरेच्या गिऱ्हाइकापासून रात्री तेलाच्या गिऱ्हाइकापर्यंत. बसून बसून शुगर झाली. मग पायाच्या बोटाला जखम झाली ती बरीच होईना. केजच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला, नाहीतर पुढं पायाचं मी काही सांगू शकत नाही. अक्कांनी ही गोष्ट तूरडाळ तोलता तोलता सगळ्या गावाला सांगितली. "डॉक्टर म्हनला, पाय माझ्या हातात न्हाई. म्या म्हनलं, तुमच्या हातात कवा व्हता? पाय माझ्याच खाली हाय."

पण चालायचं कधी? त्यांना दुकान सुटायचं नाही आणि आम्हाला शेत सुटायचं नाही. मोकळी वेळ एकच, दुकान बंद केल्यावर जेवायच्या आधीची. थंडीच्या दिवसांत तेव्हा चांगला अंधार पडलेला असतो. अक्कांना अंधाराची भीती नव्हती, पण एकटीनं जाऊ नका असं सगळेच म्हणाले. म्हणून त्यांनी तिघी गोळा केल्या. शेजारच्या घरातली नवी सून, मेंढरं राखणाऱ्या घरातली एक माझ्या वयाची मैत्रीण, आणि मी.

मी कशी गेले याचं मला अजून नवल वाटतं. दुकानात मी बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत कडेला उभी राहायची आणि मग हळूच काय ते मागायची. अक्का म्हणाल्या, "तू साबन मागतीस का साबुदाना, मला कवाच कळत न्हाई. चल माझ्यासंगं फिराया. उघड्यावर तरी तोंड उघडशील."

पहिल्या संध्याकाळी आम्ही तिघी तीन घरांतून निघालो आणि तिघींच्याही हातात तांब्या होता. आमचं काही ठरलेलं नव्हतं. पण बाई विनाकारण रस्त्यानं चालली तर दहा जण विचारतात, कुठं निघालीस. हातात तांब्या असला की कोणी विचारत नाही, उलट मान वळवतात. आता घरोघर संडास झाले तरी ही रीत सुटली नव्हती. अक्कांनी आमच्या हातांकडं बघितलं आणि पुलाच्या कठड्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "म्या फिराया आले. तुमी कुठं निगालात बायांनो?"

तरी तांब्या आमच्या हातातून सुटला नाही. आणि तांब्याबरोबरची दुसरी सवयही सुटली नाही. ती तुमच्यातल्या बायांना सांगायला नको. लहानपणापासून रस्त्याच्या कडेला जायचं, गाडीचा उजेड पडला की उठून उभं राहायचं आणि गाडीकडं पाठ करायची. पदर तोंडावर. उजेड गेला की पुन्हा खाली. हे कोणी शिकवलेलं नसतं, अंगच शिकतं. तेव्हा फिरायला गेल्यावरही उजेड आला की आम्ही तिघी गपकन पाठ फिरवून उभ्या राहायचो. अंगावर काळ्या, करड्या शाली. अक्का तेवढ्या उघड्या तोंडानं आणि आम्ही तीन खांब.

अजून एक होतं. चौथीपर्यंतच्या शाळेतलं मला फार आठवत नाही, पण रस्त्याच्या डाव्या बाजूनं जावं हे पक्कं डोक्यात होतं. तशा आम्ही डावीकडून चालायचो. म्हणजे आमच्या बाजूची गाडी नेहमी पाठीमागून यायची.

कारखाने चालू झाले आणि रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ लागली. एका संध्याकाळी मागून एक दिवा आला. एकच दिवा, म्हणून मी मोटारसायकल समजले. मोटारसायकलला लागते तेवढीच जागा दिली आणि सवयीनं शेताकडं तोंड करून उभी राहिले. तो ट्रॅक्टर होता, एक दिवा गेलेला, मागं दोन ट्रॉल्या. ट्रॉलीतून बाहेर आलेल्या उसाच्या टोकांनी माझी शाल धरली, मला भवऱ्यासारखी फिरवली आणि कडेच्या चारीत टाकलं. कोपर आणि गुडघा सोलला. बाकी काही नाही. ट्रॅक्टरवाल्याला कळलंही नसेल.

माझा तांब्या मात्र रस्त्यावर पडला होता. मागच्या ट्रॉलीचं चाक त्याच्यावरून गेलं.

दुसऱ्या दिवशी माझे थोरले दीर तो तांब्या घेऊन आले. ते स्वतः उसाचा ट्रॅक्टर चालवतात. तांब्या ताटलीसारखा सपाट झाला होता. त्यांनी तो ओट्यावर सगळ्यांसमोर ठेवला आणि एवढंच म्हणाले, "हे डोस्कं असतं तर?"

त्याच दिवशी तिन्ही घरांतलं फिरणं बंद झालं.

अक्का दोन-चार दिवस दुकानातच फिरल्या. तांदळाच्या पोत्यापासून पेंडीच्या पोत्यापर्यंत, पुन्हा मागं. जागाच तेवढी होती. मी मीठ आणायला गेले तेव्हा त्यांच्या बोटावरची पट्टी मोठी झालेली दिसली. मला मीठ दिलं आणि विचारलं, "तुझ्या मालकाचा पांढरा सदरा हाय का एखादा, जुना?" मी हो म्हणाले. "धुऊन आन."

दुसऱ्या संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या. कुणाच्या घरी जाऊन बसणाऱ्या बाईतल्या त्या नव्हत्या. दीर उठून उभे राहिले. त्यांनी आधीच सांगून टाकलं की अक्का तुम्ही वडीलधाऱ्या, पण उद्या काही झालं तर मी भावाला काय तोंड दाखवू. अक्का म्हणाल्या, बरोबर आहे तुझं. मग बाज धरून खाली बसल्या.

"बापू, एक इचारते. टॅक्टरवर बसलं की समोरचं काय काय दिसतं?"

"सगळं दिसतंय की अक्का."

"म्या कदी बसले न्हाई. मला एकदा बसव. ह्या तिगी रस्त्याला थांबतील. तुला दिसल्या न्हाई तर म्या पुन्हा फिरायचं नाव काढनार न्हाई. पाय जाऊ दे जातो तर."

पाय जाऊ दे हे त्या हसत म्हणाल्या, पण ओट्यावर कोणी हसलं नाही. दीरांना नाही म्हणता येईना.

दोन दिवसांनी कारखान्यावरून रिकामा ट्रॅक्टर आला तेव्हा अक्का त्याच्या मडगार्डवर चढल्या. चढवायला दोघं लागले. आम्ही तिघी पुढं पुलाजवळ, डांबरापासून लांब, चारीच्या पलीकडं जाऊन थांबलो. अक्कांनी बजावलं होतं, पहिल्या खेपेला रोजच्यासारखंच उभं राहा, शाली घेऊन, पाठ करून. आम्हाला ते शिकावं लागलं नाही. उजेड आला तशी पाठ आपोआप फिरली.

ट्रॅक्टर आमच्या पाठीमागून निघून गेला. थांबला नाही. बराच पुढं गेल्यावर दीरांचा आवाज आला, "कुठं हायत त्या?" आणि अक्कांचा, "मागं ऱ्हायल्या."

मग ट्रॅक्टर थांबला. इंजिन बंद झालं.

दुसऱ्या खेपेला आम्ही शर्ट घातले. कापूस वेचायला, ऊस तोडायला आम्ही साडीवर शर्ट घालतोच, त्यात नवं काही नव्हतं. नवं होतं ते छातीवर आणि पाठीवर. केजला ट्रॅक्टरवर, नंबरप्लेटवर रेडियम कापून लावणारा एक जण बसतो. कुणा ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉलीवर पुढं-मागं लावायला 'सावकाश' अशी मोठी अक्षरं दोनदा कापून घेतली आणि न्यायलाच आला नाही. ती अक्कांनी मागून आणली. शर्टावर नुसती चिकटेनात, म्हणून गोणीच्या तुकड्यांवर चिकटवून ते तुकडे शर्टाला शिवले. चौघींना चार अक्षरं. अक्का नेहमी पुढं, म्हणून त्यांना सा. माझ्या मैत्रिणीला व. नव्या सुनेला का. ती तक्रार करायची की मला बघून लोक म्हणतील ही सारखी का, का विचारतीय. मी नेहमी सगळ्यात मागं चालणारी, म्हणून मला श.

पण अक्का ट्रॅक्टरवर होत्या आणि आम्ही परतीच्या तोंडाला लागलो होतो. वळलं की शेवटची पहिली होते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्यापुढं कोणी नव्हतं. नवी सून उजेडाला बिचकून मैत्रिणीच्याही मागं सरकली होती. अक्कांनी सांगितल्याप्रमाणे आता डावी बाजू सोडून उजव्या हाताच्या कडेनं चालायचं होतं, म्हणजे ट्रॅक्टर अगदी तोंडासमोरून येणार. लांबून उजेड आला. पाठ फिरवायला माझं अंग निघालंच होतं. मागून मैत्रीण म्हणाली, "आगं बघ की तिकडं, नवरीवानी काय लाजतीस." मी पाय रोवले. डोळे दिपले तरी तोंड उजेडाकडंच ठेवलं, आणि अक्का करायच्या तसा हात वर केला.

ट्रॅक्टर खूप लांब होता तिथंच हळू झाला. उजेड खाली गेला. जवळ येऊन थांबला. दीर खाली उतरले आणि आमच्याकडं बघत बघत आले. मला वाटलं, रागावले.

"अक्का," ते म्हणाले, "वळनावरूनच दिसल्या. पर आदी श आला, मग व आला. म्या म्हनलं, शव लिवून कोन चालतंय बे रस्त्यानं."

अक्का मडगार्डवर अशा हसल्या की दीर त्यांना धरायला पळाले. आम्ही तिघी रस्त्याच्या कडेला एकमेकींना धरून हसत होतो. दीरही हसले, मग हसता हसता थांबले आणि मला म्हणाले, उद्यापासून जा. त्यांच्या तोंडून असं काही मी पहिल्यांदा ऐकत होते. त्यांच्याही ट्रॅक्टरचा एक दिवा गेलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो लागला, आणि ट्रॉलीच्या मागं लाल रेडियमही.

परत येताना कोणी कसं वळायचं हे अक्कांनी नीट बसवलं. पुढची कडेला थांबायची, बाकीच्या तिच्यामागून फिरायच्या, शव पुन्हा कधी झालं नाही. बाकीचे कायदेही त्यांचेच. थंडी कितीही असो, मफलर एका कानावरच, दुसरा कान गाडीसाठी उघडा. बॅटरी समोरच्याच्या डोळ्यांवर नाही, आपल्या पायापुढं. बोलायचं असेल तर बोला, पण मागच्या बाईच्या तोंडाकडं वळून नाही. धुकं असलं की त्या दिवशी रस्ता नाही, शाळेच्या मैदानाला फेऱ्या. आणि रिकामे हात. तांब्या कोणी आणलाच तर अक्का तो काढून घेऊन दुकानात ठेवायच्या. त्या महिन्यात दुकानात तांब्यांची एक रांग लागली होती. नव्या बाया येत होत्या ना. अक्षरं संपली तेव्हा रेडियमच्या नुसत्या पट्ट्या शिवल्या.

संक्रांत झाल्यावर अक्का केजला गेल्या आणि दवाखान्यातून बाहेर आल्या त्या चप्पल हातात घेऊनच. मी बरोबर होते. बोट कोरडं झालं होतं, शुगर खाली आली होती. भर बाजारात, जीपगाड्या उभ्या राहतात तिथं, त्यांनी पाय पुढं करून जीपवाल्याला, भाजीवालीला, ओळखीच्या आणि बिनओळखीच्या सगळ्यांना दाखवला. "बगा. ह्यो पाय. चालून बरा केला." एक म्हातारा वाकून बघून गेला. मला नेहमी अशा वेळी जमिनीत जावंसं वाटतं. त्या दिवशी मी त्यांची पिशवी धरून शेजारीच उभी राहिले आणि भाजीवालीला सांगितलं, रोज चालतो आम्ही, अंधारात.

यंदा दिवाळीनंतर लातूरच्या लेकीनं त्यांना नेलं. दुकान पुतण्याला दिलं. बस संध्याकाळची होती, बीडकडून येणारी. आम्ही सगळ्या पोचवायला निघालो तर त्यांनी फाट्यावर येऊ दिलं नाही. म्हणाल्या, "रडाया कावून येता? फिरायची येळ हाय. जावा."

म्हणून गेलो. पुलापर्यंत गेलो आणि परत वळलो. रांगेत पुढं मी होते. समोरून बस आली. ड्रायव्हरनं उजेड खाली घेतला, गाडी हळू केली, अर्ध्या रस्त्यावर सरकून आम्हाला जागा दिली. आत अंधार होता, कोण कुठं बसलंय ते कळत नव्हतं. बस निम्मी पुढं गेली तेव्हा मधल्या एका खिडकीतून एक जाड, गोरा हात पार कोपरापर्यंत बाहेर आला. मागून कंडक्टर ओरडला, मावशी, हात आत. हात आत गेला नाही. वळणावरून बस दिसेनाशी होईपर्यंत तो बाहेरच होता.