काकूंचं परमिट

रेल्वेच्या सबस्टेशनात काम करणाऱ्यांकडे किस्से साचतातच. दिवसभर मीटरचे काटे बघायचे, मग जिभेला दुसरं काम काय! पण आमच्या लोणावळ्याच्या कंपूत चार जण जमले, की गाडी शेवटी एकाच ठिकाणी येते. आप्पांच्या हॉलमधल्या रेसवर.

आप्पा आमचे फोरमन. घाटात गाड्या चढवणारी वीज तीस वर्षं सांभाळली नि रिटायर झाले. मुलगा वसंता विलायतेला. जाताना बापलेकाचं वाजलं होतं. "कॅरम असो, पत्ते असोत, तुम्ही मला एकदाही जिंकू दिलं नाहीत!" असं तोंडावर म्हणाला, तो सहा वर्षं फिरकला नाही.

आणि अचानक ओळखीच्या माणसाबरोबर खोकं आलं. आत ट्रॅकचे तुकडे, दोन खाचा, दोन इवल्या मोटारी. खाचेलगतच्या पट्ट्यांतून वीज येते, हातातलं बटण दाबलं की गाडी पळते. सोबत चिठ्ठी होती : 'दिवाळीला येतोय. लाल गाडी माझी, हिरवी तुमची. मांडून ठेवा.'

मांडलं. हिरवी सुसाट! लाल मात्र दारापाशी पळायची आणि पलीकडे कपाटाच्या वळणावर गेली की रांगायची.

आप्पांचा चेहराच उतरला. "नेमकी त्याचीच लाइन मेली! आता म्हणेल, बापाने इथंही लबाडी केली."

दिवाळीला उरले होते बारा दिवस.

०००

आप्पांचा नियम म्हणजे परमिटशिवाय वायरीला हात नाही. काम करणाऱ्याने वहीत लिहून मागायचं, दुसऱ्याने वीज बंद करून सही द्यायची. पंधराशे व्होल्टला ठीक आहे हो, पण बारा व्होल्टच्या खेळण्याला? तरी वहीला रेघा मारल्याच! प्लग दारापाशी, काकूंच्या शिलाई मशीनमागे होता, म्हणून परमिट देणार काकू, म्हणजे आप्पांच्या मंडळी.

पहिल्याच दिवशी त्यांनी सही अडवली. "आधी दळण आणा, मग शटडाऊन!"

साहेबाला कधी न भ्यालेले आप्पा डबा घेऊन मुकाट गिरणीत गेले.

०००

काकूंना वाटलं, पट्ट्या मळल्या असतील. दुपारी एकट्याच बसल्या आणि सगळ्या लोखंडी पट्ट्या चिंच लावून घासल्या. समईसारख्या लखलखीत! सकाळपर्यंत लोणावळ्याच्या ओल्या हवेनं सगळीकडे तांबूस गंज. आता हिरवीसुद्धा हलेना.

"मग माझ्या समया कशा गंजत नाहीत?" काकू उलट आमच्यावरच उखडल्या. आम्ही तीन दिवस पॉलिशपेपर घेऊन पालथे.

०००

मला मेल्याला मुळात धीर नाही. रोज ड्यूटी सुटली की आधी आप्पांकडे, मग घरी. वसंता येईपर्यंत हे नाही जमलं तर म्हाताऱ्याचं काय होईल, या विचारानं जेवण गोड लागेना.

शेवटी कान्हे स्टेशनच्या लक्ष्मण लाइनमनला धरून आणला. त्यानं ट्रॅकवर हात फिरवला. "आप्पा, पट्टीचा दोष न्हाई. जोडाजोडाला वीज कमी पडतीय. घाटात आपुन लांबच्या टोकाला दुसरीकडनं बी फीड देतो का न्हाई? मग हितं बी द्या की!"

बरोबर! परमिट घेतलं, लाल लाइनची जादा वायर ट्रॅकखालून थेट कपाटापर्यंत ओढली. काकूंनी प्लग लावला. लाल गाडी ढिम्म!

दोन तास सगळं उलटंपालटं केलं. मी आरडाओरडा करून घर डोक्यावर घेतलं. मग लक्ष्मणनंच जीभ चावली. कामाआधी दोन्ही पट्ट्या तारेनं एकमेकींना बांधून त्यानं लाइनचं अर्थिंग केलं होतं, म्हणजे चुकून वीज आली तरी ती तारेतूनच परत जावी, आणि ती तार तशीच राहिली होती.

"लाइनवर चढायच्या आदी बांधतोच की आमी! हात आपसूक गेला."

०००

तार सोडली, तर लाल अशी उधळली की हिरवी मागं पडली.

आप्पा घामाघूम. "आता म्हणेल, बापाने दया दाखवली! मला सारख्या पाहिजेत, सारख्या!"

मग हिरवीलाही कपाटापर्यंत वायर. वसंता यायच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही गाड्या जोडीनं सुटल्या, वीस फेऱ्या जोडीनं धावल्या. "आता कुणीही हात लावायचा नाही," आप्पांनी दम भरला.

०००

वसंता आला. चहा झाला, हवापाण्याचं बोलून झालं, मग दोघंही ट्रॅककडेच बघू लागले. आम्हीच म्हटलं, चला, रेस!

दहा फेऱ्या. पाचवीपासून लाल पुढं. शेवटी हिरवी कपाटापाशी आणि लाल दारापाशी शेवटची रेघ पार!

"आप्पा, जिंकलो!" चांगला बत्तीस वर्षांचा बाप्या नाचायलाच लागला. आप्पांनी बटण खाली ठेवलं. "हरलो रे बाबा, हरलो!" आणि त्याला असं मिठीत घेतलं की काकूंनी पदर डोळ्याला लावला. आम्हीही नाकं ओढली, खोटं कशाला सांगू!

बापलेक धरणाकडे फिरायला गेले. मला मात्र चैन पडेना. अर्ध्या फेरीचा फरक? सारख्या लाइनींवर? मशीनवर वही पडलेली होती, ती उघडली.

शेवटचं परमिट त्याच सकाळचं. आप्पांचं सुरेख अक्षर : 'काम : हिरवी लाइन. कपाटाकडची वायर सोडवणे.'

खाली आप्पांची सही. आणि परमिट देणाऱ्याच्या जागी, काकूंची.