उपासाच्या पिठात कोळंबी

व्हिएतनामी करंज्या करायला मी टॅपिओकाचं पीठ, म्हणजे आपल्या साबुदाण्याचंच, भिजवलं. कृतीत गरम पाणी लिहिलं होतं, मी कोमट घेतलं. घरातली पहिली पदवीधर मी, आणि पीठ बोटांतून ओघळत होतं.

शाळेची पायरी न चढलेली आई म्हणाली, "पुस्तकं वाचलीस ना? उकळतं पाणी ओत, मोदकाच्या उकडीला घेतो तसं." पीठ झटक्यात गोळा झालं. सारण पाहून मात्र ती ओरडली, "उपासाच्या पिठात कोळंबी! बाटवलंस की गं!"

पांढऱ्या करंज्या उकळल्या तशा काचेसारख्या झाल्या. आतली कोळंबी गुलाबी दिसू लागली. आईनंच पहिली उचलली.

माझं शिक्षणही मला असंच हवं, आरपार. बघणाऱ्याला आत आई दिसलीच पाहिजे.