आरोहीच्या रिपोर्टसाठी वरणगाव ते धुळे

धुळ्याच्या मेडिकल कॉलेजातून फोन आला, "पोरीला घेऊन या, रिपोर्टमध्ये गडबड झालीय." कसली, ते सांगेनात. माझी आरोही तीन वर्षांची, भिंत धरून चालते, तरी पडते. अशा लेकरांचं रक्त घेऊन तिथले डॉक्टर अभ्यास करतात. आधीच्या रिपोर्टात आलं होतं, तिच्या अंगातली ताकद हळूहळू जाणार. त्याहून वाईट आता काय असेल? मालकांना सुट्टी नव्हती, म्हणून सासरे सोबत आले.

वरणगावहून भुसावळ रिक्षानं, तिथून पॅसेंजरनं जळगाव. लेकरू असेल तर धुळ्याची एसटी जळगाव स्टँडवरूनच पकडा, बसायला जागा मिळते. बायकांना अर्धं तिकीट. पारोळ्याला गाडी थांबते, तिथं पाय मोकळे करून घ्या.

"थोडं खा," सासरे म्हणाले. "तोंड बघ कसं झालंय."

"घशाखाली उतरत नाही, नाना."

कॉलेजात बाकावर नरडाण्याकडची एक बाई होती, मांडीवर पोरगा. तिनं कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी आणि ठेचा पुढे केला.

"तुनी पोर कितला वरीसनी शे?"

"तीन."

"मना पोऱ्याबी तीनना. त्याना रिपोर्ट चांगला उना व्हता. आते कसाले बलावं, काय माहीत. तू भेऊ नको, बहीण."

तिच्या पोराचा रिपोर्ट चांगला आला होता, तरी बोलावलं होतं. भाकरी गोड लागली. तेवढ्यात मला आत बोलावलं.

डॉक्टरांशेजारी एक पोरगी बसली होती, माझ्याच वयाची. ती म्हणाली, "ताई, डॉक्टर लोकांचे प्रोग्रॅम मोठ्या मशिनीवर नीट चालतात का, ते बघायचं माझं काम. ती मशीन पुण्याकडं आहे, एकाच वेळी शेकडो कॉम्प्युटर चालतात. यांचा प्रोग्रॅम यांनीच लिहिलेला. एका कॉम्प्युटरवर बरोबर चालायचा. मोठ्या मशिनीवर गेला आणि घोळ झाला."

"कसला घोळ?"

"समजा चक्कीवर दहा घरचे डबे आले. दहा चक्क्या लावल्या. ज्याचं पीठ आधी झालं ते आधी बाहेर आलं. पण नावं लावली डबे आले त्या नंबरानं. तसा एका लेकराचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर गेला. काम लवकर व्हावं म्हणून मी प्रोग्रॅम उघडला, तेव्हा हे दिसलं."

डॉक्टर खाली बघत म्हणाले, "रक्त पुन्हा दुसरीकडून तपासून घेतलं. तुमच्या मुलीला तो आजार नाही. हाडं कच्ची आहेत, औषधानं सुधारेल."

मला रडू येईना, हसू येईना. मी त्या पोरीला विचारलं, "तू उघडलाच नसता तर?"

"तर तसंच राहिलं असतं, ताई."

बाहेर आले तर त्या बाईला आत नेत होते. तिला कशाला बोलावलं, ते आता मला कळलं होतं. मी बाकावर बसून राहिले. थोड्या वेळानं ती बाहेर आली. पोरगा तिची वेणी ओढत होता. मला म्हणाली, "तुनावाला चांगला उना ना?" मी मान हलवली. नाना माझा हात धरून म्हणाले, "चल, गाडी चुकेल." आमची चुकायची गाडी काही नव्हती, एसट्या सारख्या सुटतात.

घरी येऊन महिना झाला. औषध लागू पडलंय, आरोही भिंत सोडून अंगणापर्यंत जाते. तुम्ही अशा अभ्यासात लेकराचं रक्त दिलं असेल, तर विचारा, आकडे दुसऱ्या कोणी तपासले का. मला हे विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

परवा त्या बाईचा फोन आला. माझा नंबर तिनं बाकावरच घेतला होता.

"पोर चालस का आते?"

आरोही समोर कोंबडीमागं पळत होती. मी म्हटलं, "अजून पडते, अक्का."